सात नंबरचा दगड

बापाने, भोजराजने, घरची मोटरसायकल विकायला काढली, हे दीप्तीला घरात कोणी सांगितले नाही. शनिवारी सकाळी साडेअकराला कुडव्याच्या चौकात चंद्रकुमार भेटला, त्याच्याकडून तिला ते कळले. चंद्रकुमार त्यांचा कामठ्याचा शेजारी. पानठेल्यावर उभा होता, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, तरी बोलायचे थांबला नाही.

"गोंदियाचा मुन्नालाल येऊन राहिला ना दुपारी, तुमची गाडी न्यायले. पिकअप घेऊन. तुले मालूम नाही का व?"

"कोणी बोलावला?"

"कोणी म्हणजे? तुया बाबानं. भंगारच्या भावात देऊन राहिले म्हणते."

कुडव्यातल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती तंत्रज्ञ होती. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणण्याचे कामही तिच्याकडेच असे. हातातले चार नमुने तिने लॅबमध्ये जमा केले, अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि लॅबची मोटरसायकल घेऊन ती निघाली. रागाच्या भरात गाडी चालवायची नाही, हे तिला विवेकनेच शिकवले होते. म्हणून पहिले दोन किलोमीटर तिने काटा तीसच्या वर जाऊ दिला नाही.

विवेक तिचा धाकटा भाऊ, वय चोवीस. अकरा मे रोजी, सोमवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कामठ्याच्या एक किलोमीटर अलीकडे, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या काठी, तो मोटरसायकलवरून पडला. मागे आई बसली होती. विवेकच्या गळपट्टीचे हाड मोडले. डोक्यात हेल्मेट होते म्हणून डोके वाचले, पण त्या दहा-पंधरा मिनिटांची आठवण पुसली गेली. आई, रुक्माबाई, उजव्या बाजूवर आपटली आणि तिच्या खुब्याचे हाड तुटले. गोंदियात ऑपरेशन झाले. आता ती घरी खाटेवर होती आणि डॉक्टरांच्या हिशेबाने अजून अडीच महिने तिला उठायचे नव्हते.

पोलिसांच्या कागदावर चार ओळी होत्या. चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने व निष्काळजीपणे चालविले, वाहन घसरले, मागे बसलेली महिला गंभीर जखमी झाली. रस्ता मोकळा, अडथळा नाही. जबाब देणारा होता भोजराज, चालकाचा बाप. सगळ्यांत आधी तिथे तोच पोचला होता.

विवेक सरकारी बसच्या चालकपदाची लेखी परीक्षा पास झाला होता. गाडी चालवून दाखवायची चाचणीही पास झाला होता. उरली होती चारित्र्य पडताळणी, आणि तिचे कागद सोमवारी द्यायचे होते. भरधाव गाडी चालवून आईला जखमी केल्याचा गुन्हा ज्याच्या नावावर आहे, त्याच्या हातात बस कोण देईल, हे सांगायला कोणी लागत नव्हते.

दीप्ती बुधवारी ठाण्यात जाऊन आली होती. तपास हवालदार केशोरावकडे होता. त्याने पंखा स्वतःकडे वळवून घेतला आणि म्हणाला, "मी कायले बदलू? बापानंच लिहून दिलं ना, पोरगा भरधाव होता म्हणून. मी काय त्या वेळी सडकेवर उभा होतो? बापाले घेऊन ये. तो येऊन वेगळं सांगत असन तर पुरवणी जबाब घेतो. बाप आला पायजे पण."

घरी येऊन तिने हे सांगितले, तर भोजराज म्हणाला, "मी एकदा सांगतलं ते सांगतलं." आणि जेवणावरून उठून गेला.

कुडवा मागे पडले तशी वस्ती विरळ झाली. उन्हाळी धान निघाला की या भागात रस्ता अर्धाच उरतो. उरलेल्या अर्ध्यावर धान वाळत असतो. डांबर तापते, धान लवकर वाळतो, आणि खळ्यावर करण्यापेक्षा ते सोपे जाते. गाडी वरून जाऊ नये म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडतात. संध्याकाळी धान गोळा होतो, पोत्यात भरला जातो, घरी जातो. दगड कधी जातात, कधी राहतात. राहिलेले दगड अंधारात कोणाला दिसत नाहीत. दरवर्षी कोणीतरी आपटतो. लॅबमध्ये रक्तगट तपासायला घाईने येणाऱ्या नमुन्यांत मे-जून आणि नोव्हेंबरमध्ये अशी एक-दोन नावे असतातच, आणि प्रत्येक वेळी सोबत आलेला माणूस हेच म्हणतो, गाडी जोरात चालवत होता.

दीप्तीला गाडीचा धोका माहीत नव्हता असे नाही. तिच्याएवढा तो घरात कोणालाच माहीत नव्हता. तरी गाडी आली तेव्हाचा दिवसही तिला पाठ होता. त्याआधी ती कामठ्याच्या फाट्यावर काळी-पिवळी जीपची वाट बघत चाळीस मिनिटे उभी राहायची, मग तिघांच्या सीटवर पाचवी म्हणून बसायची, आणि कुणाचा तरी कोपर कुठे लागतो आहे ते बघत कुडव्याला पोचायची. विवेकने तिला बोडीच्या बाजूच्या सपाट रस्त्यावर क्लच सोडायला शिकवले. आठव्या दिवशी ती एकटी कामावर गेली. सकाळी सातला, दोन्ही बाजूंना हिरवा धान, अंगावर गार वारा, आणि कुठे थांबायचे ते ठरवणारी फक्त ती. एवढे स्वतःचे असे तिला आयुष्यात दुसरे काही मिळाले नव्हते.

आईला तर गाडीचे तिच्याहून जास्त वेड. बावन्न वर्षांची रुक्माबाई पदर खोचून, दोन्हीकडे पाय टाकून बसायची. बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा. मले वारा लागला का चूल आठवत नाही." त्या सोमवारीही ती कुडव्याला बहिणीकडे गेली होती, ती गाडी होती म्हणूनच. येताना तिच्या मांडीवर अंड्यांचा एक ट्रे होता. मांडीवर तीस अंडी घेतलेल्या आईला मागे बसवून विवेक भरधाव येईल, हे दीप्तीला पहिल्या दिवसापासून पटत नव्हते.

घरी पोचायला तिला तेवीस मिनिटे लागली. लॅबची गाडी तिने चंद्रकुमारच्या अंगणात लावली. भोजराजने गेले एकोणीस दिवस मोटरसायकल स्वतःच्या अंगणात उभी राहू दिली नव्हती. घरची मोडकी गाडी मात्र गोठ्यात, पोत्याखाली, झाकून ठेवली होती.

आता पोते बाजूला पडले होते. गाडी अंगणात बाहेर काढली होती आणि मुन्नालाल तिच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, बनियनवर उघडा शर्ट, कानामागे पेन. भोजराज निळ्या दाराला टेकून उभा होता. विवेक पायरीवर बसलेला, हात गळ्यात बांधलेला, नजर जमिनीवर. ओसरीत खाटेवर रुक्माबाई छताकडे बघत होती.

"बाबा, ही गाडी माझ्या पगारातून घेतली आहे," दीप्ती म्हणाली.

"मंग काय करू? पूजा करू तिची?" भोजराज म्हणाला. "एकाले लुळं केलं, एकीले खाटेवर टाकलं. आता तुया नंबर लागायची वाट पाहू का? अन् तू बी उद्यापासून ती लॅबची गाडी बंद कर. ऑटोनं जाय. बाकीच्या पोरी नाही जात का?"

"ऑटो पडत नाही का?"

"तोंड नको चालवू."

मुन्नालालने खाकरून दोघांना थांबवले. "भोजराजभाऊ, घर का झगडा बाद में. पहले ये बताओ, गाडी गिरी कैसे?"

"घसरली. जोरात होता पोट्टा."

"घसरली?" मुन्नालालने चाक हाताने फिरवले. चाक एका जागी येऊन फोर्कला घासले आणि थांबले. तिथे रिम आत दबलेली होती, मुठीएवढी. "देखो, मैं तीस साल से टूटी गाडियां खरीद रहा हूं. घसरी हुई गाडी की साइड छिलती है. हँडल मुडता है, फुटरेस्ट मुडता है. रिम सामने से ऐसी नहीं बैठती. ये किसी चीज पे चढी है. पत्थर होगा." त्याने पुढच्या मडगार्डच्या आत बोट घातले, बाहेर काढले आणि शर्टाला पुसले. "और बहुत जोर में भी नहीं थी. जोर में होती तो फोर्क भी जाता. फोर्क तो सीधा है."

विवेकने मान वर केली.

"दगड?" तो म्हणाला.

"अरे, सडकेवर खड्डे का कमी आहेत?" भोजराज म्हणाला. "खड्ड्यात गेली असन."

दीप्तीने बापाकडे पाहिले. "बाबा, तुमच्या जबाबात लिहिलं आहे, रस्ता मोकळा, अडथळा नाही. एकोणीस दिवस खड्डा नव्हता. आता कोठून आला?"

"मले काय मालूम? अंधार होता."

"अंधार होता तर जोरात होता हे कसं दिसलं?"

"ए पोट्टे, मी बाप आहो तुया. वकील नको होऊ."

"त्या दिवशी बोडीजवळ धान कोणाचा होता?"

भोजराजने दाराची कडी उगाच हलवली. उत्तर विवेकने दिले. त्याची सकाळची आठवण हरवली नव्हती, फक्त संध्याकाळची हरवली होती. "आपलाच होता, ताई. सकाळी बाबानं अन् मीच टाकला. मंग मी मायले आणायले गेलो."

"अन् दगड?"

"दगड मी वापस आणले," भोजराज म्हणाला. "मी का लोकांसारखा आहो, सोडून येईन? मोजून आणतो मी. बारा नेले, बारा आणले. अख्ख्या गावाले मालूम आहे."

ते खरे होते. अख्ख्या कामठ्यात दगड मोजून परत आणणारा भोजराज एकटाच. दीप्ती दहा वर्षांची आणि विवेक सात वर्षांचा असताना भोजराजने नदीकडून बारा गोल दगड आणले आणि दोन्ही पोरांच्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा दिला. विषम आकडे विवेकचे, सम दीप्तीचे. संध्याकाळी धान भरून झाला की दोघांनी ओरडून आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, आणि बारा झाल्याशिवाय बैलगाडी हलायची नाही. लोक चेष्टा करायचे. भोजराज म्हणायचा, आपल्या दगडानं कोणी पडलं तर मी कोणाले तोंड दाखवू. दर दोन वर्षांनी आकड्यांवर नवा रंग बसायचा.

दीप्ती घराच्या मागे गेली. धानाच्या तणसाच्या ढिगाच्या बाजूला दगड एकावर एक रचलेले होते. तिने ते खाली काढले, एका ओळीत लावले, जसे लहानपणी लावायची. मग ती परत आली. तिचे हात मातीने भरले होते.

"अकरा आहेत," ती म्हणाली. "सात नाही."

"फुटला असन एखादा."

"कधी?"

"मले याद आहे का? दगडच तो."

"बाबा, तुम्हाला पोत्यांचा आकडा चुकतो, दगडांचा नाही चुकत. सात नंबर कुठे आहे?"

भोजराजचा आवाज चढला. "मी का चोर आहो, अशी चौकशी करून राहिली? ज्या पोट्ट्यानं मायले पाडलं त्याले कोणी बोलत नाही. गाडी पायजे, गाडी पायजे, दोन साल डोकं खाल्लं दोघांनी. मी नाही म्हणत होतो. मी म्हणत होतो ना? गाडी आली का घरात हाड मोडते. मोडलं ना? मंग आता दगड कायले मोजता?"

"सात नंबर बोडीत आहे."

हे खाटेवरून आले. रुक्माबाईने मान वळवली नव्हती. छताकडे बघतच बोलली होती.

"तू गप राय," भोजराज म्हणाला.

"एकोणीस दिवस गपच आहो. तुमच्या तोंडून निघते का ते पाहून राहिली होती." मग तिने दीप्तीकडे मान वळवली. तेवढ्यानेही तिचा चेहरा आक्रसला. "मी सडकेवर पडली होती, बाई. डोळे उघडे होते. पाय हलत नव्हता. अंडी फुटून सारी साडी भरली होती. विवेक चार हातावर पालथा. तुये बाबा पळत आले. मले वाटलं, पोराकडं जातीन. ते दगडाकडं गेले. दोन्ही हातानं उचलला, बोडीकडं नेला अन् टाकला. पाण्याचा आवाज आला मले. मंग वापस आले. पहिले दगड उचलला, मंग मले उचललं."

मुन्नालाल उभा राहिला. त्याने कानामागचे पेन काढले, पाहिले, परत ठेवले. "मैं गाडी में बैठता हूं," तो म्हणाला आणि पिकअपकडे गेला.

विवेक अजून पायरीवरच होता. तो हळू आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेले. "मी मायच्या पायाकडं पाहू नाही शकत, बाबा. रोज वाटते, मी झोपलो असन, का जोरात असन, का मोबाइल पाहत असन. आठवतच नाही तर काय सांगू? तुम्ही म्हणाले जोरात होता, तर मी म्हटलं असन."

भोजराज दाराच्या उंबऱ्यावर बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले.

"आभाळ आलं होतं," तो म्हणाला. "साडेपाचलेच अंधारून आलं. हा वापस आला नाही. मी एकटा. अठरा पोते एकट्यानं भरले. डोकं फिरलं होतं माया, पोट्टा कोठी मरून राहिला म्हणून. चंद्रकुमारच्या ट्रॅक्टरवर माल टाकला, दगड टाकले, घरी आलो. उतरवताना मोजले. अकरा. मी तसाच निघालो, पायी. सात नंबर आणायलेच जात होतो मी. दोनशे पावलं राहिली असतीन. समोरून लाइट दिसला. अन् मंग आवाज." त्याने पाची बोटे दाखवली. "पाच मिनटं. पाच मिनटं उशीर झाला मले."

दीप्तीला आपला राग कुठेतरी कमी होईल असे वाटले होते. तो झाला नाही. हा माणूस दगड आणायला निघाला होता, हे तिने ऐकले, त्यावर विश्वासही ठेवला, तरी राग होता तेवढाच राहिला.

"दगड राहिला, ती चूक झाली," ती म्हणाली. "चूक कोणाकडूनही होते, बाबा. मी त्याबद्दल बोलतच नाही. हवालदारानं विचारलं तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

"तोंडातून निघून गेलं."

"तोंडातून निघालं आणि चार ओळींत बसलं? सहीसुद्धा तोंडातून निघाली?"

"मायावर गुन्हा लागला असता."

"म्हणून विवेकवर लावला."

"तो पोट्टा आहे. मले वाटलं, त्याले काय होते? दंड भरन, सुटन. सारे पोट्टे पडतेत, साऱ्यायले लोक हेच म्हणतेत. नोकरीचं माया ध्यानात नाही आलं, दीप्ती. खरंच नाही आलं. मंग तो फारम आला तं... मंग कसं सांगू? गावात कोणत्या तोंडानं सांगू? सारं आयुष्य लोकायले शिकवलं, दगड मोजून आणा रे."

"म्हणून गाडीला फाशी देत होते. रिम भंगारात गेली का झालं, पुरावा बी नाही अन् गाडी बी नाही. लोक म्हणतील, भोजराज समजदार, त्यानं पोरांची गाडी विकली."

भोजराजने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही.

दीप्ती घड्याळ बघून म्हणाली, "एक वाजून वीस झाले. केशोराव चारपर्यंत ठाण्यात असतो. उठा."

"कोठी?"

"पहिले बोडीवर."

ते दोघे पायी गेले. एक किलोमीटर, दुपारचे ऊन, डांबर चपलेला चिकटत होते. ती पुढे, तो मागे. मे संपत आला होता आणि बोडीतले पाणी मधल्या खड्ड्यापुरते उरले होते. कडेचा गाळ वाळून तडकला होता. दगड शोधावा लागला नाही. पाण्यापासून पाच-सहा हात अलीकडे तो अर्धा गाळात रुतून बसला होता, आणि आकडा वरच्या बाजूला होता. गेले कित्येक दिवस तो असा उघडा पडलेला असणार. इथे म्हशी येत होत्या, पोरे येत होती. कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते, कारण दगडाकडे कोणीच लक्ष देत नाही.

"आणा," दीप्ती म्हणाली.

भोजराजने धोतर खोचले आणि गाळात उतरला. वरची खपली फुटली, पाय गुडघ्यापर्यंत आत गेले. त्याच्याने दगड एका ओढीत निघाला नाही. तो वाकला, दोन्ही हातांनी हलवला, पुन्हा वाकला. काठावर उभी असलेली दीप्ती हात द्यायला पुढे झाली नाही. तिच्या मनात ते आले होते. तिने ते होऊ दिले नाही.

दगडाच्या एका कडेवर बोटभर रुंद काळी खूण होती, टायर घासल्याची. गाळातही ती गेली नव्हती.

घरी आल्यावर तिने आधी मुन्नालालच्या पिकअपच्या खिडकीवर टकटक केली. तो सीट मागे टाकून पडला होता.

"भैया, गाडी विकायची नाही. फुकट चक्कर झाली तुमची. पण जे आम्हाला सांगितलं ते हवालदारासमोर सांगाल का?"

"बेटी, मैं भंगारवाला. पुलिस मेरेसे गाडी के कागज पूछती है, राय नहीं पूछती." तो थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटे वाजवत राहिला. "बुलाएंगे तो आऊंगा. नंबर लिख ले. पर गोंदिया में किसीको मत बोलना कि मुन्नालाल खुद चल के थाने गया."

मग तिने चंद्रकुमारच्या अंगणातून लॅबची गाडी आणली आणि ती, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा, आपल्या निळ्या दारासमोर उभी केली. खुंटीवर विवेकचे हेल्मेट होते. उजव्या बाजूला कानापासून हनुवटीपर्यंत ओरखडा. ते तिने बापासमोर धरले.

"घाला."

"मले कायले? मागं बसणाऱ्याले कोण घालते?"

"मायनं बी नव्हतं घातलं."

त्याने घातले. पट्टा त्याला लावता येईना, तो तिने लावला, आणि लावताना त्याच्या डोळ्यांत पाहिले नाही. आयुष्यात तो मोटरसायकलवर बसला नव्हता. एक पाय टाकून, अवघडून, दगड मांडीवर घेऊन बसला. ओसरीतून रुक्माबाई म्हणाली, "दगड नीट पकडा. यावेळी पाडू नका." विवेक उठून दारापर्यंत आला होता. त्याने मागचा फुटरेस्ट पायाने खाली पाडून दिला, बापाचा पाय लोंबकळत होता म्हणून.

गाव सुटले. बोडी आली, गेली. भोजराजचा एक हात दगडावर होता, दुसरा दीप्तीच्या खांद्यावर, आणि खांद्यावरची बोटे रुतत होती.

"हळू चालव व."

"चाळीसवर आहे."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चाळीस म्हणजे एवढंच असते?"

"एवढंच. विवेक मायला घेऊन चाळीसच्या वर जात नाही. मी त्याच्या मागे बसलेली आहो."

वारा लागत होता. डांबरावरून उडून धानाचा भुसा चेहऱ्यावर येत होता. बापाची बोटे खांद्यावर जराशी सैल झाल्याचे तिला जाणवले, आणि त्याचाही तिला राग आला.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या अर्ध्या भागात काल कोणाचा तरी धान होता. आता नव्हता. झाडून नेला होता, डांबरावर फक्त पिवळसर डाग उरला होता. आणि त्या डागाच्या कडेला, चाकांच्या बरोबर वाटेत, तीन दगड तसेच.

दीप्तीने ब्रेक दाबला. गाडी दगडांच्या आठ-दहा हात अलीकडे थांबली. तिने इंजिन बंद केले नाही आणि मागे वळूनही पाहिले नाही.

भोजराज उतरला. सात नंबर त्याने आधी सीटवर ठेवला, तो घरंगळेल म्हणून पुन्हा उचलला, आणि शेवटी दीप्तीच्या पुढ्यात, टाकीवर ठेवला. तिने एका हाताने तो धरला. मग तो रस्त्यात गेला. डोक्यात लेकाचे हेल्मेट, गुडघ्यापर्यंत वाळलेला गाळ. समोरून येणाऱ्या एका गाडीला त्याने हात करून थांबवले. एकेक दगड उचलून त्याने रस्त्याच्या खाली, नालीपलीकडे नेऊन ठेवला. तिन्ही. तिसरा ठेवून झाल्यावर तो तिथेच वाकून उभा राहिला, श्वास लागला होता त्याला. थांबलेल्या गाडीवरचा माणूस ओरडला, "काय गा, तुमचे होते का दगड?"

"नाही," भोजराज म्हणाला. त्याने गाडीच्या टाकीकडे बोट केले. "माया दगड तिथं आहे."

तो परत येऊन बसला आणि टाकीवरचा दगड मांडीवर घेतला. "चल," तो म्हणाला.

दीप्तीने गाडी गिअरमध्ये टाकली. दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती.